प्रत्यारोपित रुग्णाचा कास : दुर्मीळ कवकजन्य फुफ्फुसविकार आणि वैद्याचे कर्तव्य

कास हे लक्षण घेऊन येणारा रुग्ण आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. वर्षाऋतूच्या उत्तरार्धात तर चिकित्सालयातील निम्मी गर्दी त्याचीच असते. नाडी पाहावी, जिव्हा पाहावी, कफ सुटतो की नाही हे विचारावे आणि सितोपलादीच्या बरणीकडे हात जावा, इतके हे सारे अंगवळणी पडलेले आहे. सदर लेखात आम्ही अशा एका रुग्णाविषयी लिहीत आहोत, ज्याच्या बाबतीत हा सवयीने गेलेला हात थांबावयास हवा होता. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांतील दुर्मीळ कवकजन्य फुफ्फुसविकार हा विषय आयुर्वेदीय त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वैद्यबंधूंच्या मनात येईल. या विकाराची चिकित्सा आपण करावयाची नाही, हे खरेच आहे. परंतु हा रुग्ण अनेकदा प्रथम आपल्याकडे येतो, आणि ते पहिले चार-पाच दिवस कसे जातात यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातील ही घटना आहे. रुग्णाच्या व त्याच्या पत्नीच्या अनुमतीने, ओळख पटेल असा तपशील वगळून ती येथे देत आहोत. वय ४६, व्यवसाय शेती व जोडीला लहानसा व्यापार. तक्रार : आठ दिवसांपासून शुष्क कास, सायंकाळी अल्प ज्वर, दीर्घ श्वास घेताना उजव्या कुशीत वेदना. 'इतर कोणती औषधे चालू आहेत का?' असे आम्ही विचारले. 'बीपीच्या गोळ्या आहेत' असे उत्तर मिळाले. पुढचा प्रश्न आम्ही विचारला नाही. सितोपलादी चूर्ण ३ ग्रॅम दिवसातून तीन वेळा मधासह व गुडूची घनवटी अशी योजना करून पाच दिवसांनी येण्यास सांगितले.

पाचव्या दिवशी रुग्ण आला तो पत्नीला बरोबर घेऊनच. आदल्या रात्री कफातून रक्त पडले होते. या वेळी आम्ही त्यास मंचावर निजवून सर्वांगपरीक्षण केले आणि उदराच्या उजव्या बाजूस खाली, वंक्षणाच्या वर, तिरकी जुनी शस्त्रकर्मव्रणाची रेषा दिसली. विचारताच पत्नी म्हणाली, "वैद्यबुवा, दोन वर्षं झाली. किडनी माझीच बसवली आहे. रोज तीन प्रकारच्या गोळ्या घेतात. तुम्ही रागवाल म्हणून ते बोलले नाहीत." प्रत्यारोपणानंतर मधुमेहही जडला होता. आजारापूर्वी दहा-बारा दिवस रुग्णाने पावसाने भिजून बुरशी धरलेला कडबा स्वतः हलविला होता, हेही तेव्हाच कळले.

त्याच दिवशी आम्ही त्यास चिठ्ठी देऊन प्रत्यारोपण झालेल्या रुग्णालयाकडे रवाना केले. आपण काय दिले, किती दिले आणि किती दिवस दिले, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहिले. लिहिताना हात जड झाला होता, हे कबूल केले पाहिजे.

दमन केलेले व्याधिक्षमत्व

दुसऱ्याचा अवयव देहात बसविला की देह त्यास परका मानून त्याच्याशी लढतो. हा लढा थांबविण्यासाठी रुग्णास आयुष्यभर प्रतिकारदमनकारी औषधे घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट व प्रेडनिसोलोन ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित त्रयी होय. येथे एक विलक्षण योग दिसतो. मायकोफिनोलिक आम्ल पेनिसिलियम या बुरशीपासून मिळाले. सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेतील एका पठाराच्या मातीतील कवकापासून मिळाले. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या सूक्ष्मजीवात सापडले. मातीतील जीवांनी दिलेल्या या द्रव्यांच्या बळावर परका अवयव देहात नांदतो, आणि त्याच दमनामुळे मातीतील कवकांना देहाचे द्वार उघडे सापडते.

आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर या रुग्णाचे व्याधिक्षमत्व हेतुपुरस्सर कमी केलेले असते. नेमकी येथेच आपली नित्याची विचारसरणी चकते. दुर्बल रुग्ण दिसला की बल्य, रसायन व ओजोवर्धक द्रव्ये आपणांस सुचतात. सामान्य रुग्णात ते योग्यच आहे. प्रत्यारोपित रुग्णात मात्र जे क्षमत्व आपण वाढवू पाहतो, तेच नव्या अवयवावर उलटण्याचा संभव असतो.

हे कवक कोणते?

निरोगी मनुष्य दररोज असंख्य कवकबीजाणू श्वासावाटे आत घेतो व त्यास काहीही होत नाही. प्रत्यारोपित रुग्णात फुफ्फुसाचा कवकजन्य विकार बहुधा ॲस्परजिलसमुळे होतो. क्रिप्टोकोकस व न्यूमोसिस्टिस हेही तज्ज्ञांच्या परिचयाचे आहेत. त्याहून दुर्मीळ परंतु अधिक घातक असे काही गट आहेत. त्यांत म्युकर वर्ग, म्हणजे ऱ्हायझोपस, लिक्थिमिया, कनिंगहॅमेला इत्यादी, आणि त्याखेरीज फ्युझेरियम, सेडोस्पोरियम व लोमेंटोस्पोरा यांचा समावेश होतो.

म्युकर वर्गाचे नाव २०२१ मध्ये घरोघरी पोहोचले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र व गुजरात ही त्यांत अग्रभागी होती. त्या वर्षी मे महिन्यात हा रोग अधिसूचित करण्याची सूचना केंद्राने राज्यांना दिली. 'काळी बुरशी' हे तेव्हा रूढ झालेले नाव मात्र फसवे आहे. काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मृत झालेली धातू. कवक स्वतः काळे नसते. तेव्हाचे बहुतेक रुग्ण नासा व नेत्र यांच्या विकाराचे होते. प्रत्यारोपित रुग्णात हेच कवक फुफ्फुसात शिरते तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही, आणि म्हणून विलंब होतो.

या वर्गाचा स्वभाव असा की ते रक्तवाहिनीच्या भित्तीत शिरते, तेथे रक्त गोठवते व पुढील भाग मृत करते. वाहिनी फुटल्यास प्राणघातक रक्तष्ठीवन होते. रक्तातील वाढलेली शर्करा व अम्लता त्यास पोषक ठरते, आणि लोह हे त्याचे प्रिय खाद्य आहे. प्रत्यारोपित रुग्णांतील फुफ्फुसगत म्युकरविकारात उपचार होऊनही निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. आपल्या रुग्णाकडे दवडण्यास दिवस का नव्हते, हे यावरून ध्यानात यावे.

निदानातील अडचणी

चरकसंहितेतील क्षतज कासाचे वर्णन आठवावे : प्रथम शुष्क कास, पुढे रक्तयुक्त ष्ठीवन, उरःप्रदेशी वेदना, ज्वर. लक्षणांचे साम्य पाहून आम्ही चकित झालो. परंतु लक्षणसाम्य म्हणजे हेतुसाम्य नव्हे. हेच चित्र राजयक्ष्म्याचेही आहे, आणि आपल्या देशात फुफ्फुसावर डाग दिसला की क्षयाची औषधे सुरू करण्याची प्रवृत्ती आहे. प्रत्यारोपित रुग्णात हे दुहेरी घातक ठरते. एक तर कवकास मोकळे रान मिळते. दुसरे असे की, क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी झपाट्याने उतरविते व अवयव नाकारला जाण्याचा धोका निर्माण होतो.

साध्या क्ष-किरण चित्रात प्रारंभी फारसे दिसत नाही, म्हणून सी.टी. स्कॅन करावा लागतो. आमच्या रुग्णाच्या स्कॅनमध्ये उजव्या अधःखंडात, मध्ये फिकट व कडेने दाट, असे उलट वलय दिसले. हे चिन्ह म्युकरकडे बोट दाखविते, परंतु ते निर्णायक नाही. ॲस्परजिलससाठी उपयुक्त अशी गॅलॅक्टोमॅनन ही चाचणी म्युकरमध्ये नकारार्थी येते. कफपरीक्षेत काही न मिळाल्याने रोग नाही असे ठरत नाही. अखेर ब्रॉन्कोस्कोपीद्वारे फुफ्फुसातील धातूचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, पडदेयुक्त व लघुकोनात फुटणारे असतात. म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदेरहित व काटकोनात फुटणारे असतात. आमच्या रुग्णात दुसऱ्या प्रकारचे तंतू मिळाले.

तंतूंचा हा भेद चिकित्सेच्या दृष्टीने निर्णायक आहे. ॲस्परजिलसवर प्रथम पसंतीचे व्होरिकोनॅझोल म्युकरवर निष्प्रभ ठरते. म्युकरवर श्रेष्ठ असलेले अँफोटेरिसिन लोमेंटोस्पोरावर फारसे चालत नाही. आपल्या शास्त्रात निदानास चिकित्सेचा पाया मानले आहे. त्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

आधुनिक चिकित्सेचे स्वरूप

ही चिकित्सा आपणांस द्यावयाची नाही, तरी ती समजली पाहिजे. रुग्णाचे नातलग तिकडून परत येऊन आपणांसच विचारतात, 'इतकी महाग इंजेक्शने कशासाठी? तुमचे काही देऊन चालणार नाही का?'

या चिकित्सेचे तीन आधार आहेत. पहिला आधार कवकनाशक औषधांचा. अँफोटेरिसिन बी हे १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले. (आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यातही १९६० च्या दशकात थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे कवकनाशक शोधले होते, याचे येथे स्मरण करणे उचित होईल.) साधे अँफोटेरिसिन वृक्कास फार बाधक असते. ज्याचे एकच, तेही उसने, वृक्क चालू आहे त्यास ते देणे कठीण जाते. म्हणून स्नेहकणांत गुंडाळलेले लायपोसोमल अँफोटेरिसिन देतात. त्याची मात्रा सामान्यतः प्रतिदिन प्रतिकिलो ५ मि.ग्रॅ. असते. त्यानेही क्रिएटिनिन वाढते व पोटॅशियम उतरते, म्हणून वारंवार रक्त तपासावे लागते. पुढे पोसाकोनॅझोल किंवा आयसावुकोनॅझोल या गोळ्यांवर रुग्णास काही महिने ठेवतात.

दुसरा आधार शस्त्रकर्माचा. मृत झालेल्या भागात रक्त पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. विकार एका खंडापुरता मर्यादित असल्यास तो खंड काढून टाकणे हिताचे ठरते.

तिसरा आधार सर्वांत नाजूक आहे. प्रतिकारदमन कमी करावे तर अवयव नाकारला जाण्याची भीती. न करावे तर कवक आवरत नाही. वृक्काच्या रुग्णात निदान डायलिसिसचा आसरा असतो, आणि प्रसंगी प्राण वाचविण्यासाठी वृक्कावर पाणी सोडता येते. हृदय किंवा यकृत बसविलेल्या रुग्णास तीही वाट नाही. भरीस भर म्हणजे पोसाकोनॅझोल व व्होरिकोनॅझोल टॅक्रोलिमसची पातळी एवढी चढवितात की त्याची मात्रा सुमारे एक तृतीयांशावर आणावी लागते. ती गोळी पुढे थांबविताना मात्रा पुन्हा न वाढविल्यास पातळी घसरते.

आमच्या रुग्णाचे मायकोफिनोलेट थांबविले गेले, टॅक्रोलिमस कमी केले गेले, शर्करेसाठी इन्सुलिन सुरू झाले, आणि तिसऱ्या आठवड्यात उजवा अधःखंड काढण्यात आला. त्या काळात त्याच्या पत्नीने दूरध्वनीवर आम्हांस विचारले, "माझी किडनी जाईल का हो, वैद्यबुवा?" आम्ही म्हणालो, "ताई, आधी त्यांना वाचू द्या." याहून अधिक बोलण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

आमच्या औषधाने काय केले?

रुग्णालयात दाखल होताना त्याच्या रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी अपेक्षेहून बरीच अधिक होती. तेथील वृक्कतज्ज्ञांनी आमची चिठ्ठी वाचून दूरध्वनी केला व प्रत्येक घटकद्रव्य विचारले. सितोपलादीच्या ३१ भागांत पिप्पली ४ भाग असते. दिवसाकाठी ९ ग्रॅम चूर्ण म्हणजे एक ग्रॅमहून अधिक पिप्पली झाली. पिप्पलीतील पायपरीन हे टॅक्रोलिमसचे पचन करणाऱ्या विकरास व त्यास आतड्यातून परत लोटणाऱ्या प्रथिनास रोखते, असे प्रयोगशाळेत दिसून आलेले आहे. पिप्पलीस आपण योगवाही म्हणतो; अन्य द्रव्याचे कार्य वाढविणे हा तिचा गुणच आहे. तो गुण येथे कोणत्या द्रव्यावर चालेल, याचा विचार आम्ही केला नव्हता. त्याच ३१ भागांत १६ भाग खडीसाखर होती, आणि अनुपान मध! मात्रा लहान असली तरी मधुमेही रुग्णास ती द्यावयास नको होती. पातळी आमच्या चूर्णामुळेच वाढली असे सिद्ध करता येणार नाही. वाढली नाही असेही आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

वनस्पतिज औषध निरुपद्रवीच असते, ही समजूत अन्यत्रही महागात पडलेली आहे. २००० साली झुरिच येथील वैद्यकतज्ज्ञांनी हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती घेतल्याने त्यांच्या रक्तातील सायक्लोस्पोरिन उतरले व देह हृदय नाकारू लागला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुडूची घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतशोथ नोंदविला. त्या निष्कर्षावर वाद झाला, तो आपणांस ठाऊक आहे. वादाचा निकाल काहीही असो, प्रत्यारोपित रुग्णात गुडूचीची परीक्षा पाहणे आपले काम नव्हे.

चिकित्सालयात पाळावयाचे नियम

या अनुभवानंतर आम्ही आमच्यापुरते काही नियम केले. ते वैद्यबंधु-भगिनींपुढे विचारार्थ ठेवीत आहोत.

१. प्रत्येक नव्या रुग्णास 'कोणती औषधे चालू आहेत?' एवढेच न विचारता 'कोणते शस्त्रकर्म झाले आहे? कोणता अवयव बसविला आहे?' असे स्पष्ट विचारावे. औषधांची पाकिटे प्रत्यक्ष पाहावीत. उदर व उर यांचे उघडून परीक्षण करावे.

२. प्रत्यारोपित रुग्णास ज्वर, कास, उरःशूल, रक्तष्ठीवन किंवा न थांबणारा शिरःशूल असल्यास त्याच दिवशी त्याच्या प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवावे. दोन दिवस औषध देऊन पाहू, असे म्हणू नये. प्रतिकार दमलेला असल्याने ज्वर अल्प असतो. त्यावर विसंबू नये.

३. प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या लेखी संमतीवाचून पोटात कोणतेही औषध देऊ नये. गुडूची, अश्वगंधा, च्यवनप्राश, त्रिकटूयुक्त कल्प व मोठ्या मात्रेतील हरिद्रा यांबाबत विशेष सावध असावे. यष्टिमधु पोटॅशियम उतरविते व रक्तदाब चढविते. अँफोटेरिसिनही पोटॅशियम उतरवीत असल्याने हा संयोग धोक्याचा आहे. लोहकल्प व भस्मे स्वतःच्या जबाबदारीवर सुरू करू नयेत.

४. कच्च्या वनस्पतिचूर्णात कवकबीजाणू असू शकतात. दमट कोठीतील चूर्ण तर कोणत्याच रुग्णास देऊ नये.

५. पपनस व ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची पातळी वाढवितात; ही फळे वर्ज्य करण्यास सांगावे.

६. बुरशी आलेला कडबा वा धान्य, शेणखत, पाडकामाची धूळ व कबुतरांची विष्ठा यांपासून दूर राहण्यास सांगावे. हा निदानपरिवर्जनाचाच भाग आहे, आणि गावाकडचा रुग्ण तो आपल्या तोंडून ऐकल्यास अधिक मानतो.

७. प्रतिकारदमनकारी गोळी एक दिवसही चुकवू नये, हे निक्षून सांगावे. 'आयुर्वेद सुरू केला, आता त्या गोळ्या कमी करा' असे वाक्य आपल्या तोंडून कदापि निघू नये.

पराधिकाराचा मान

इतरांकडे रुग्ण पाठविण्यात काही वैद्यांस कमीपणा वाटतो. पक्व गुल्माच्या ठिकाणी स्वतः चरकाचार्य शस्त्रकर्म जाणणाऱ्या धान्वंतरीयांचा अधिकार मान्य करतात, याचे त्यांनी स्मरण करावे. आपली मर्यादा जाणणे हा वैद्यगुणच होय.

आपल्यासाठी करण्याजोगे मागाहून पुष्कळ राहते. आमचा रुग्ण अडीच महिन्यांनी घरी आला तेव्हा अग्नी मंद व मांसक्षय मोठा होता. तज्ज्ञांना विचारून आम्ही फक्त आहाराची योजना केली. प्रथम पेया, मग मुगाचे कढण, मग मऊ भात असा क्रम ठेवला. सारे ताजे व उष्ण, उसळीही शिजविलेल्याच. शर्करेची नोंदवही पत्नीने ठेवली व दर आठवड्यास ती आम्ही पाहिली. श्वासाचे सौम्य व्यायाम रुग्णालयाने सांगितले तेच करविले. पोटात औषध एकही दिले नाही.

त्याचे क्रिएटिनिन पूर्वी १.३ होते, ते २ च्या आसपास स्थिरावले. वृक्क दुबळे झाले, परंतु टिकले. आज तो शेतावर जातो, कडब्यास हात लावीत नाही. आमच्या रुग्णपत्रिकेवर नावाच्या खालच्या ओळीत आता छापील प्रश्न आहे : 'अवयव प्रत्यारोपण झाले आहे काय?' ही ओळ छापून घेण्यास फार थोडा खर्च आला. ती आधीच असती, तर त्या रुग्णाचे पाच दिवस वाचले असते. वाचकांनी ती आपल्या पत्रिकेवर अवश्य घालावी, एवढीच विनंती.

इत्यलम्.